आधी टाकी, मग फरशी: बडोद्यातल्या घरांसाठी पुरानंतरचे सहा आठवडे

जन्माष्टमीला, म्हणजे २६ ऑगस्ट २०२४ ला, बडोद्यात पावसानं जो जोर धरला तो सोडलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी विश्वामित्री नदी घरात आली. काळा घोडा पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर कमरेइतकं पाणी दोन दिवस उभं होतं. ते उतरल्यावर आम्ही तेच केलं जे सगळं गाव करत होतं: वीज आल्या आल्या मोटर लावली, पाइप जोडले आणि चिखल धुवायला घेतला. मोटरचं बटण मी दाबलं होतं, म्हणून हे लिहायचा हक्क माझा जरा जास्त आहे.

आमच्या जमिनीखालच्या हौदाचं झाकण पार्किंगच्या फरशीला लागून. ते दोन दिवस तीन फूट गढूळ पाण्याखाली होतं. आत काय शिरलं असेल हे शेंबड्या पोराला कळलं असतं, पण त्या सकाळी कुणालाच सुचलं नाही. त्याच पाण्यानं फरश्या धुतल्या, भांडी घासली, मुलांना आंघोळी घातल्या आणि गच्चीवरच्या टाक्या भरल्या. थोडक्यात, तळमजल्यावर आलेला पूर आम्ही स्वखर्चानं तिसऱ्या मजल्यावर चढवला. चौथ्या दिवशी सहा घरांत जुलाब सुरू झाले. त्यातल्या चार घरांच्या उंबऱ्याला पाणी शिवलंही नव्हतं.

म्हणून या लेखातला क्रम महत्त्वाचा. कामं सगळ्यांना माहीत असतात, चुकतो तो क्रम.

घरात पाऊल टाकण्याआधी

मेन स्विच बंद आहे याची खात्री करा. स्विचपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, वीज कंपनीच्या माणसाला खांबावरून पुरवठा तोडायला सांगा. बुडालेले प्लग, मीटरपेटी, मोटर, फ्रिज यांतलं काहीही इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय सुरू करायचं नाही. वरून कोरडं दिसतं, आत ओल असते. घरात ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्यायची हीच वेळ.

पायात गमबूट, हातात काठी. कपाटाखाली, माळ्यावर, गाद्यांच्या ढिगात साप असू शकतो, आणि बडोद्यात साप हा लहान पाहुणा. त्या तीन दिवसांत वस्त्यांमधून दोन डझनांच्या आसपास मगरी पकडून नेल्या. मागच्या अंगणात, गॅरेजात, उघड्या गटाराच्या कडेला आधी लांबून टॉर्च मारून बघा. मगर दिसली तर व्हिडिओ काढणाऱ्यांना मागे घ्या आणि वन विभागाला कळवा. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. चावलेल्याला हातपाय हलवू न देता १०८ ला फोन आणि थेट मोठं सरकारी रुग्णालय.

पुराच्या पाण्यात काही लागलं असेल, खरचटलंही असेल, तर साबण आणि स्वच्छ पाण्यानं धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. शेवटचं कधी घेतलं हे बहुतेकांना आठवत नाही. आठवत नाही म्हणजे विचारायचंच.

हौद

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सहा आठवड्यांतलं निम्मं आजारपण या एका खड्ड्यात ठरतं.

आधी सगळे व्हॉल्व्ह बंद करा: नळाच्या लाइनचा, हौदातून वर जाणारा आणि गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा. घराघरांतल्या आरओ मशीनचं पाणी तोडा. गढूळ पाणी त्यातून गेलं तर फिल्टर तर जातोच, वर आपण शुद्ध पाणी पितो आहोत असा गैरसमज शिल्लक राहतो.

मग हौद उपसा. उपशाची मोटर जमिनीवर, कोरड्या जागी, तपासून घेतलेली. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप हौदात उतरवू नका, त्याच्या धुरानं माणूस मिनिटांत बेशुद्ध पडतो. आणि धूर नसला तरी बंद हौदात कुजलेल्या गाळामुळे प्राणवायू कमी झालेला असतो. झाकणं, दोन असतील तर दोन्ही, किमान एक दिवस उघडी ठेवा, भोवती दोरी बांधा म्हणजे पोरं पडणार नाहीत. उतरण्याआधी बाहेरून पंखा लावून हवा आत सोडा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक धरून दोन माणसं वर. आतला माणूस बोलायचा थांबला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. दोर ओढायचा आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. एकामागून एक तिघं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, त्यातला दुसरा आणि तिसरा माणूस वाचवायलाच उतरलेला असतो.

हे सगळं वाचून धडधड झाली असेल तर काम ठेकेदाराला द्या, पण दोर आणि पंखा त्याच्याही माणसाला हवाच. मजुराचा जीव आपल्या हौदापेक्षा स्वस्त नाही.

गाळ बादल्यांनी काढा, भिंती आणि तळ ताठ ब्रशनं घासा, धुऊन ते पाणीही उपसा. तडा दिसला, विशेषतः गटाराच्या बाजूच्या भिंतीला, तर सिमेंट मारून घ्या. आमच्या हौदात पूर्वेच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट होती आणि तिच्यातून झुरळाच्या मिशा बाहेर आलेल्या होत्या. पलीकडे चार फुटांवर ड्रेनेजचं चेंबर. पूर येवो न येवो, आम्ही कैक वर्षं काय पीत होतो कोण जाणे.

आता ब्लीचिंग पावडर. चांगल्या ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण पुडा उघडा राहिला की ते उडून जातं. दुकानात गोणीतून सुटी काढून देतात ती नको, तारीख पाहून बंद पुडा घ्या. उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही तर ती पावडर रांगोळीच्या कामाची.

हिशेब असा. हौदाची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणा आणि आलेल्या आकड्याला २८.३ नं गुणा, म्हणजे लिटर मिळतात. आमचा हौद १० बाय ८ बाय ५, म्हणजे ४०० घनफूट, म्हणजे सुमारे ११,३०० लिटर. निर्जंतुकीकरणासाठी दर १,००० लिटरला १५० ग्रॅम ताजी पावडर लागते, म्हणजे आम्हाला लागली १ किलो ७०० ग्रॅम. पावडर जुनी वाटत असेल तर १,००० लिटरला २०० ग्रॅम धरा.

पावडर थेट हौदात ओतू नका. प्लास्टिकच्या बादलीत (लोखंडी नको) थोडं पाणी घालून आधी लापशीसारखी कालवा, मग बादली भरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. खाली चुन्याचा साका बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं हौदात, साका गटारात. तोंडाला रुमाल, हातात रबरी मोजे, वारा पाठीकडून. आणि संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येता कामा नये. दोन्हींचा मिळून विषारी वायू होतो. स्वच्छतेच्या भरात ही चूक फार लोक करतात.

हौद भरा, तेच पाणी वरच्या टाक्यांत चढवा (त्या आधी घासलेल्या असायला हव्यात), आणि प्रत्येक घरानं प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करायचा. रात्रभर, निदान आठ तास, असंच ठेवा. या काळात ते पाणी प्यायचं नाही, त्यात स्वयंपाक नाही, आंघोळ नाही. सकाळी ते फेकायचं मात्र नाही: जिने, पार्किंग, कचऱ्याची जागा, तळमजल्याच्या फरश्या, सगळं त्याच पाण्यानं धुवा. फरशीची पाळी आली ती आत्ता. फक्त झाडांना घालू नका आणि रंगीत कपड्यांवर उडू देऊ नका.

मग हौद रिकामा करून नळाच्या पाण्यानं भरा. त्यानंतर रोजच्यासाठी दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम पावडरीचं निवळ पाणी, म्हणजे आमच्या हौदाला २८ ग्रॅम. अर्ध्या तासानं नळावर क्लोरीन तपासा. तपासणीचा छोटा संच स्वस्तात मिळतो: नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. डब्यावरच्या रंगपट्टीशी ताडून लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास हवं. एरवी ०.२ चालतं. रंगच आला नाही तर मात्रा वाढवा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो.

जुन्या वाड्यांत अजून आड आहेत, त्यांच्यासाठी वेगळा हिशेब. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, एवढे लिटर. दोन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी म्हणजे ९,४२० लिटर. पूर शिरलेल्या आडाचं पाणी उपसून, हौदाच्याच मात्रेनं क्लोरीन घालून, पुन्हा उपसून मग तपासणीला द्यायचं. अहवाल येईपर्यंत ते प्यायला नाही. ‘आमच्या आडाचं पाणी आजोबांच्या वेळेपासून गोड आहे’ हे मी दोन ठिकाणी ऐकलं. गोडपणाचा आणि जंतूंचा काही संबंध नाही.

तोवर प्यायचं काय

या सगळ्याला तीन दिवस तरी जातात. तोवर पाणी फडक्यातून गाळा, खळखळ उकळी आल्यावर आणखी दोन मिनिटं उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या. एक गोळी किती लिटरला हे गोळीगणिक बदलतं, पाकीट वाचा आणि अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका. माठात हात घालून पेला बुडवायचा नाही, ओगराळं वापरा. उकळलेलं पाणी आणि बुडवलेला हात हे आपल्या घरांतलं जुनं जोडपं आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. बडोद्याचं पाणी आजवा सरोवरातून आणि मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून (नदीतळाच्या वाळूतून पाणी ओढणाऱ्या विहिरी) येतं. आजवा १८९२ पासून शहराला पाणी पाजतं आहे, आणि गंमत म्हणा की दैव, तेच तुडुंब भरलं की विश्वामित्रीही फुगते. पाणी निघतं तिथे ते ठीक असतं. आपल्या दारापर्यंत येताना मात्र ते दिवसातून थोडाच वेळ वाहतं आणि बाकी वेळ पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपाला भेग असेल आणि भोवती गटाराचं पाणी साचलेलं असेल तर ते आत झिरपतं. त्यावर कुणी नळालाच थेट मोटर लावली की पाइपात ओढ तयार होते आणि भेगेतून घाण खेचली जाते, आपल्याही घरात आणि शेजाऱ्याच्याही. म्हणून पुरानंतर महिनाभर तरी लाइनला थेट मोटर नको, आणि पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं हौदात न घेता बाहेर सोडा. पाणी वाया जातं हे मान्य. त्यानं पार्किंग धुवा.

शंका असेल तर एच-टू-एस चाचणीची बाटली घ्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेचा संसर्ग असल्याचा संशय धरायचा. आमच्या सोसायटीत वाद मिटवायला याहून चांगला उपाय सापडला नाही. मीटिंगमध्ये तासभर ‘आमचं पाणी स्वच्छच आहे’ चाललेलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर शाईसारखी काळी बाटली ठेवली. कुणी काही बोललं नाही, वर्गणी संध्याकाळपर्यंत जमली.

चिखल

इथे पटकन. चिखल ओला असतानाच फावड्यानं काढा, वाळला की त्याची धूळ होते. आधी चिखल, मग साबण, मग क्लोरीन. चिखलावर ओतलेलं क्लोरीन चिखलातच संपतं. म्हणूनच रस्त्याकडेला चिखलावर पावडरीच्या पांढऱ्या रेघा ओढतात ना, त्यांचा उपयोग फोटोपुरता.

पीठ, डाळी, मसाले, लोणच्याच्या बरण्या, ज्याला ज्याला पाणी शिवलं ते टाका. बरणीचं झाकण घट्ट होतं हा युक्तिवाद सगळ्या घरांत होतो, तो हरायला हवा. भिजलेली औषधंही टाका. इन्शुलिनचं मात्र वेगळं: वीज गेली म्हणून ते लगेच खराब होत नाही. वापरात असलेली कुपी २५ ते ३० अंशांच्या आत सावलीत साधारण चार आठवडे टिकते. भिजली असेल किंवा आत गुठळ्या दिसल्या तर नको. भिजलेल्या कापसाच्या गाद्या आठवड्याच्या उन्हानं वाळल्या तरी आतून बुरशी धरतात, आणि दम्याच्या माणसाला ती दिवाळीपर्यंत छळते.

भिंतीवरचं कॅलेंडर

पुराचे आजार एकदम येत नाहीत, वार लावून येतात. ज्या दिवशी पाणी उतरलं तो दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि पुढे मोजा. २०२४ मध्ये पाणी २९ ऑगस्टच्या सुमाराला उतरलं. ७ सप्टेंबरला गणपती बसले, १७ ला उठले, ३ ऑक्टोबरला नवरात्र. मी सणांवरच सांगते, कारण आपल्या घरांत तारखा तशाच लक्षात राहतात.

जुलाब-उलट्या गणपतीच्या आधीच. घरात ओआरएसची पाकिटं हवीत. पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर पाणी. अर्धं पाकीट अंदाजे पेल्यात, असं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेका. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट. सहा महिन्यांवरच्या लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं १४ दिवस झिंक, जुलाब थांबले तरी १४ दिवस. भाताच्या पाण्यासारखे पांढुरके जुलाब, डोळे खोल, लघवी बंद, मूल पेंगुळलेलं: यातलं काहीही दिसलं तर नुसत्या पाकिटावर न विसंबता रुग्णालय.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, गणपतीत. उंदरांच्या, गुरांच्या मुतातला हा जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगेतून शिरतो आणि साधारण ५ ते १४ दिवसांनी उगवतो. दक्षिण गुजरातेत, सुरत-नवसारी-वलसाडच्या भातशेतीत, हा जुना वैरी आहे. एकाएकी ताप, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल. डॉक्टरकडे गेल्यावर एक वाक्य आपणहून सांगायचं: ‘मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो.’ हे वाक्य नसेल तर लेप्टोचा ताप साध्या तापात खपून जातो, आणि मग मूत्रपिंड, यकृत यांवर जातं. जे दोन-तीन दिवस पाण्यात उतरून मदत करत होते त्यांनी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. आपल्या मनानं घेऊ नये, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर नाहीच.

डेंग्यू अनंत चतुर्दशीपासून नवरात्रापर्यंत. पूर अंडी वाहून नेतो, पण ओसरताना शेकडो डबकी मागे ठेवतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, त्यानं चावून विषाणू फिरायला आणखी दोन आठवडे. तापाला पॅरासिटॅमॉल, बाकी कुठलीही वेदनाशामक गोळी नाही, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन तर नकोच. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-वन ही रक्ततपासणी, नंतर आयजीएम ही. आणि लक्षात ठेवा, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा धोका सुरू होतो. ताप गेला आणि पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस अस्वस्थ झाला तर प्लेटलेटचा रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबायचं नाही.

विषमज्वर (टायफॉइड) मधल्या तीन आठवड्यांत कधीही. आणि कावीळ सगळ्यात शेवटी, नवरात्र-दसऱ्याला. दूषित पाण्याची कावीळ पाण्यानंतर महिनाभरानं, कधी त्याहूनही उशिरा दिसते. तोवर चिखल गेलेला, रंग लावलेला, गरब्याचे कपडे शिवून आलेले. पुराशी तिचा संबंध आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. गरोदर बाईला यातली हिपॅटायटिस ई ही कावीळ जिवावर बेतू शकते, म्हणून तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे न जाता त्याच दिवशी रुग्णालय.

रविवारची फेरी

डासाचं चक्र आठ-दहा दिवसांचं, म्हणून फेरीही आठवड्याची. रविवारी सकाळी शेव-उसळीला बाहेर पडण्याआधी चाळीस मिनिटं. दोघं जण, एक टॉर्च, एक ब्रश.

कुंड्यांच्या ताटल्या आणि कूलर सगळेच बघतात. बघितलं जात नाही ते सांगते: फ्रिजच्या मागचा ट्रे, गणपतीच्या मांडवावर ताडपत्रीला पडलेले झोळ, शहाळ्यांच्या कवट्या, गच्चीवरच्या टाकीचं तुटकं झाकण, आणि लिफ्टचा खड्डा. आमची लिफ्ट पुरानंतर बंद होती. दुरुस्तीला माणूस आला आणि त्यानं खाली टॉर्च मारला तर खड्ड्यात वीतभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्यांची नुसती खिचडी. वर तीन मजल्यांच्या शाफ्टमधून डासांना प्रत्येक मजल्यावर उतरायची सोय.

पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात, म्हणून कडा घासायच्या. उपसता येत नाही तिथे महापालिकेच्या मलेरिया विभागाकडून अळीनाशक टाकून घ्या. धुराची गाडी आली की मुलं मागे धावतात आणि मोठ्यांना बरं वाटतं, पण धुरानं उडणारा डास मरतो, अळी नाही.

तापाची वही

शंभर पानी वही पुरे. घर नंबर, आजारी किती, ताप की जुलाब, कुठल्या तारखेपासून. नावं लिहू नका, लोक लपवतात. एका जिन्यात आठवड्याभरात तीन ताप, किंवा दोन दिवसांत तीन घरी जुलाब, एवढं दिसलं की वही घेऊन जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जा. तोंडी ‘आमच्याकडे फार आजार आहेत’ याला उत्तर मिळत नाही. घर नंबर आणि तारखा समोर ठेवल्या की नमुने घ्यायला माणूस येतो. आमच्याकडे तसा आला, आणि पाण्याची लाइन फुटलेली जागा वहीतल्या जिन्यावरूनच सापडली.

ही वही कुणी धरायची? व्हॉट्सॲप ग्रुपनं नक्की नाही, तिथे फक्त हात जोडलेले जमतात. गणपती मंडळानं. बडोद्यात मराठी माणूस दुसरं काही टिकवो न टिकवो, मंडळ टिकवतो. त्यांच्याकडे वर्गणीमुळे घरन्‌घर ठाऊक असलेली पोरं असतात, ध्वनिक्षेपक असतो, पावतीपुस्तक असतं. आमच्या मंडळानं त्या वर्षी आरतीनंतर दोन मिनिटं राखून ठेवली: आज कुणाकडे ताप? पहिल्या दिवशी लाजले, तिसऱ्या दिवसापासून आजी स्वतः उठून सांगायला लागल्या, स्वतःचं कमी आणि शेजारचं जास्त. तेही लिहून घेतलं. प्रसादाला त्या वर्षी उकडीचे मोदक आणि केळी एवढंच, कच्चं पंचामृत नाही. कुरकुर झाली, मग मिटली.

रात्री पाऊस लागला की

पुरानंतर कित्येक महिने पत्र्यावर सर वाजली की माणसं उठून बसतात, दार उघडून रस्ता बघतात. हे वेड नाही. पण झोप महिनाभर परतली नाही, माणूस जेवेना, बोलेना, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, ती सरकारी आहे आणि फुकट आहे. म्हाताऱ्यांना नवी गादी आणून दिली की काम झालं असं समजू नका. आमच्या खालच्या काकूंचं दुःख फ्रिजचं नव्हतंच, लग्नातल्या फोटोंच्या अल्बमचं होतं. ओले फोटो ओढून सुटे करायचे नाहीत. स्वच्छ पाण्यात भिजत ठेवून अलगद सोडवायचे आणि पंख्याखाली कागदावर पालथे न घालता वाळवायचे. सोसायटीतल्या दोन मुलींनी एक अख्खी दुपार ते केलं. अकरा फोटो वाचले.

पुढच्या पावसाआधी

पाण्याची खूण भिंतीवरून पुसली जाण्याआधी तिथे ऑइलपेंटनं रेघ मारा आणि तारीख घाला. हौदाचं तोंड त्या रेघेच्या वर न्यायचं: विटांची किंवा काँक्रीटची मान, वर रबरी पट्टीचं बसतं झाकण, कुलूप. ओव्हरफ्लोचा पाइप आणि हवेचा पाइपही तेवढेच वर, तोंडाला जाळी. मान उंचावून पाइप खालीच ठेवले तर पाणी पाइपातून शिरतं, शेजारच्या सोसायटीत नेमकं तेच झालं. ड्रेनेजच्या बाहेरच्या चेंबरला एकदिशा झडप लावा म्हणजे गटार उलटं येणार नाही. ती मे महिन्यात उघडून बघायची, एरवी तिच्यात प्लास्टिकची पिशवी अडकते आणि ती उघडीच राहते.

आमच्या हौदाची मान साडेतीन फूट आहे. दिसायला वाईट दिसते, पार्किंगची एक जागा गेली, त्यावरून दोन सभा झाल्या. मोटरच्या बटणावर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘पाणी शिरलं होतं का? आधी झाकण उघडून बघा.’ लॅमिनेट केलेली आहे.